कृ.मा.प.

दिवाळीच्या सुट्टीआधीची सहामाही संपली होती आणि मी घरी गणिताचे पेपर तपासत बसले होते. चौथीचा पेपर म्हणजे पाठपोट छापलेला एक कागद. प्रश्नाखालीच उत्तराची जागा. त्याच्या पेपरची पुढची बाजू बघून मला बरं वाटलं. अक्षर रेघेवरून घसरलेलं, पण गणितं सगळी बरोबर, बाकी उरणारे भागाकारसुद्धा. कागद उलटला तर मागची बाजू कोरी. एक आकडा नाही, एक खाडाखोड नाही. मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात ‘आळस!’ असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सुट्टीनंतर पेपर वाटले. त्याने कागद हातात घेतला, उलटला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग जागेवरूनच म्हणाला, “बाई, मागं पण होतं?”

वर्ग हसला. मीही रागावून काहीतरी बोलले. पण त्या चेहऱ्यावर ना लबाडी होती ना उर्मटपणा. त्याला खरोखर आत्ता कळत होतं की मागे अजून पाच प्रश्न होते आणि ते त्याला येत होते.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात, मराठी शाळेत चोवीस वर्षं शिकवते आहे. इतक्या वर्षांत असे किती कोरे कागद माझ्या हाताखालून गेले असतील याचा विचार आता केला की पोटात कालवतं.

त्याचं नाव इथे लिहिणार नाही. वर्गात सगळे त्याला ‘भिंगरी’ म्हणायचे. हे नाव मुलांनी नव्हे, आम्ही शिक्षकांनी पाडलं होतं आणि मग ते वर्गात झिरपलं. परिपाठाला रांगेत उभा राहिला की पुढच्याच्या दप्तराच्या पट्ट्याशी चाळा. वर्गात कंपासपेटी खाली पडणार, तीही तासाला तीनदा. प्रश्न संपायच्या आत उत्तर ओरडून मोकळा, आणि ते उत्तर पुष्कळदा बरोबर. पाण्याची बाटली कुणाच्या तरी वहीवर सांडलेली. मग त्या वहीवाल्याइतकाच रडवेला होऊन स्वतःच्या शर्टाने ती वही पुसणारा.

त्याच्या डायरीत माझे शेरे होते. ‘वर्गात लक्ष नाही.’ ‘सतत जागा सोडतो.’ ‘वही अपूर्ण.’ ‘पालकांनी भेटावे.’ शिवाय शिक्षा होत्याच: वर्गाबाहेर उभं करणं, आणि वही अपूर्ण म्हणून खेळाचा तास काढून घेणं. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. मी हात कधीच उगारला नव्हता, त्यामुळे आपण त्या कलमाच्या बाहेर आहोत अशी माझी समजूत होती.

त्याची आई पतसंस्थेत नोकरीला. शेरा वाचून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. माझ्यासमोर डायरी ठेवली, पानं उलटत गेली. माझं अक्षर, माझं अक्षर, पुन्हा माझंच. म्हणाली, “बाई, घरी बापाचा मार खातो. शाळेत बोलणी खातो. मग ह्यानं राहायचं कुठं?” तिने त्याला पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं होतं आणि तिकडून आलेला एक तक्ता मला भरून हवा होता.

तक्त्यात बरीच वाक्यं होती. ‘सांगितलेलं काम पूर्ण करत नाही’, ‘आपली पाळी येईपर्यंत थांबू शकत नाही’, अशी. प्रत्येकापुढे चार घरं: कधीच नाही, कधी कधी, वारंवार, फारच वारंवार. मी पेन उघडलं आणि सगळीकडे शेवटच्या घरात खूण करणार तेवढ्यात थबकले. वारंवार म्हणजे किती? मला त्याने उच्छाद मांडलेली मिनिटं आठवत होती. तो जागेवर बसलेली मिनिटं माझ्या स्मरणात नव्हतीच.

म्हणून आठवडाभर टाचणवहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. एकात तो कधी उठतो ते लिहायचं. दुसरा रकाना माझा: मी त्याच्याशी काय बोलले. शनिवारी बेरीज केली. मी त्याला पाच दिवसांत ५८ वेळा टोकलं होतं. ‘शाबास’ चारदा. आणि तो उठायचा त्या वेळा बघितल्या, तर निम्म्याहून जास्त एकाच प्रकारच्या कामात निघाल्या: फळ्यावरचं वहीत उतरवून घेताना. परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही मटकी भिजवून मोड आणले, त्या पाऊण तासात त्याच्या नावापुढे एकही खूण नव्हती.

हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तर एक सहकारी म्हणाले, “बघा, आवडीचं असलं की बरोबर लक्ष लागतं. म्हणजे नाटक आहे.” महिन्यापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. पण टिपणं पुन्हा पुन्हा बघताना मला वेगळंच दिसायला लागलं होतं. लक्ष त्याच्याकडे भरपूर होतं, ते बोलावल्यावर येत नव्हतं. आपल्याला कंटाळवाण्या कामाकडेही स्वतःला ओढून नेता येतं. ती ओढण्याची दोरी त्याच्या हातात अजून नीट आलेली नव्हती.

पुढे पुण्याहून निदान आलं: एडीएचडी. मराठीत अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता असं काहीसं भाषांतर करतात, पण आमच्याकडे सगळे इंग्रजी आद्याक्षरंच वापरतात. एका भेटीत, एका तक्त्यावर हे ठरत नाही, हेही तेव्हाच कळलं. अमेरिकन मनोविकार संघटनेचे २०१३चे निकष आहेत, त्यानुसार लक्षणं किमान सहा महिने हवीत, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, आणि घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी हवीत. माझा तक्ता त्यासाठी होता. जगभरात शंभर मुलांत साधारण पाच जणांना हे असतं असं मानतात. माझ्या पटावर ४६ मुलं. म्हणजे दरवर्षी माझ्या वर्गात असं एखादं, कदाचित दोन मुलं बसत आली असणार. चोवीस वर्षं.

निदानाचं कळल्यावर आसपासचे जे बोलले त्यात एक शब्द सारखा आला: संस्कार. त्याखालोखाल मोबाइल. मी त्या काळात मिळेल ते वाचत होते, आणि त्यात जॉर्ज स्टिल या लंडनच्या बालरोगतज्ज्ञाची गोष्ट सापडली. १९०२ साली त्याने आपल्या व्याख्यानांत काही मुलांचं वर्णन केलं: बुद्धीला कमी नाहीत, पण आवर घालता येत नाही, एका गोष्टीवर टिकता येत नाही. त्याने त्याला ‘नैतिक नियंत्रणातला दोष’ म्हटलं. आज ते नाव कठोर वाटतं. पण चांगल्या रीतीने वाढवलेल्या मुलांतही हे आढळतं, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. १९०२ साली मोबाइल नव्हता. आणि संस्कारांचं म्हणाल, तर माझ्या वर्गातला हा एकमेव मुलगा होता जो शाळेतल्या मामांना घंटेखालची जड पेटी उचलू लागायचा, कुणी न सांगता.

आणखी एका गोष्टीने माझी त्याच्याकडे बघण्याची नजर बदलली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली अशा मुलांच्या मेंदूची वाढ इतर मुलांशी ताडून बघितली. वाढीचा क्रम तोच होता, पण मेंदूचा बाहेरचा थर पक्व व्हायला सरासरी तीन वर्षं उशीर होत होता, आणि सगळ्यांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथून आपण स्वतःला थांबवतो, आखतो, लक्षात धरून ठेवतो. हालचाल चालवणारा भाग मात्र उलट किंचित लवकर तयार होत होता. पळायला तयार असलेले पाय, आणि थांब म्हणणारा अजून वाटेवरच. नऊ वर्षांच्या त्या मुलाकडून मी नऊ वर्षांचा आवर मागत होते.

मग वर्गात काय बदललं, हे जरा सविस्तर सांगते, कारण ‘समजून घ्या’ असं सगळेच सांगतात आणि सकाळी साडेदहाला ४६ मुलांसमोर उभं राहिल्यावर नुसतं समजून घेण्याने काही हलत नाही.

सगळ्यांत आधी मी माझ्या बोलण्याकडे बघितलं. “वह्या काढा, तारीख घाला, समास आखा, पान ४२ उघडा आणि तिसरं गणित उतरवून घ्या.” हे मी एका दमात म्हणायचे. पाच कामं. त्याच्या हातात वही यायची तोवर उरलेली चार हवेत विरलेली असायची आणि तो शेजारणीच्या वहीत डोकावायचा, की मी ओरडायचे. आता मी एक काम सांगते, थांबते, मग दुसरं. त्याच्याजवळून जाताना बाकावर दोन बोटं टेकवते. नाव घेत नाही. नाव घेतलं की ४५ माना वळतात आणि तो पुन्हा भिंगरी होतो.

फळ्यावरून उतरवणं हे आपल्याला काहीच वाटत नाही. वर बघायचं, चार शब्द डोक्यात धरायचे, मान खाली घालायची, ओळ शोधायची, ते चार शब्द अजून धरूनच ठेवायचे, लिहायचे, परत वर बघून नेमकी तीच जागा शोधायची. ज्याची हातातली आठवण तोकडी आहे त्याच्यासाठी हे प्रत्येक वाक्य म्हणजे ओंजळीतून पाणी नेणं. मी उतारा आधीच कागदावर लिहून त्याच्या बाकावर ठेवायला लागले. गणितं दहाच्या जागी तीन-तीन, कागदाची घडी घालून. तीन झाली की मला दाखवायला यायचं. त्या निमित्ताने उठायचं, चालायचं, परत जायचं. उठणं बंद झालं नाही, त्याला काम मिळालं.

मागच्या भिंतीशी पुस्तकांचं बुटकं कपाट आहे. त्यावर वही ठेवून उभ्याने लिहायची मुभा दिली. वाळूचं घड्याळ आणलं, कारण ‘दहा मिनिटं’ हा त्याच्यासाठी नुसता शब्द होता आणि घसरणारी वाळू डोळ्यांना दिसत होती. खेळाचा तास मी पुन्हा कधीच कापला नाही. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच हालचाल मी शिक्षा म्हणून काढून घेत होते.

डायरीतले शेरे थांबवले आणि एक छोटं कार्ड सुरू केलं. त्यावर तीनच गोष्टी, त्याला जमण्यासारख्या: दिलेली गणितं पूर्ण, हात वर करून बोललो, दप्तर भरताना वही तपासली. रोज खूण, रोज घरी, त्याच संध्याकाळी त्याचं बक्षीस. वडील त्याला सायकलवरून घाटावर घेऊन जायचे. आठवड्याने मिळणारं बक्षीस त्याच्या कामाचं नव्हतं, ते त्याला सोमवारी दिसतच नव्हतं. पहिले दोन आठवडे कार्ड रोज हरवलं. मग आईने ते डब्याच्या पिशवीला आतून शिवून टाकलं.

रसेल बार्कले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची मांडणी नंतर वाचनात आली आणि माझ्या वर्गातलं सगळं एकदम जुळलं. त्यांचं म्हणणं असं की अशा माणसाला काय करायचं ते ठाऊक असतं, ऐन वेळी ते करणं त्याला जमत नाही, म्हणून मदतही त्या वेळी, त्या जागीच हवी. मी वर्षभर त्याला तास संपल्यावर, ऑफिसबाहेर उभं करून उपदेश करत होते. तो मान डोलवायचा. त्याला सगळं पटायचं. आणि गणिताचा पेपर हातात पडायचा तेव्हा मी दूर टेबलाशी बसलेली असायचे.

दुसऱ्या चाचणीला म्हणून मी ४६ही पेपरांच्या खालच्या कोपऱ्यात हाताने लिहिलं: कृ.मा.प. मुलांना अर्थ सांगितला, कृपया मागे पाहा. जुन्या पत्रांत असायचं हे. मुलांना ही गुप्त लिपी भलतीच आवडली. त्याने तर वहीच्या प्रत्येक पानावर, हाताच्या तळव्यावर, एकदा पोळीच्या डब्याच्या झाकणावरही लिहून ठेवलं.

हे सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. फेब्रुवारीत मी त्याला घंटेचा टोल द्यायचं काम मिळवून दिलं. महिनाभर त्याने ते अभिमानाने केलं. मग एक दिवस मधल्या सुट्टीचा टोल वीस मिनिटं आधी पडला आणि सगळी शाळा मैदानात. काम काढून घेतलं गेलं. मी घड्याळ त्याच्या हातात दिलं होतं, पण बघ म्हणणारं माणूस त्याच्याशेजारी ठेवलं नव्हतं. ती चूक माझी होती, आणि ऐकून घ्यावं लागलं त्याला.

वर्गातल्या मुलांचा प्रश्नही खरा होता. “त्यालाच का उभ्यानं लिहायचं? त्यालाच का तीन गणितं?” एकाने विचारलं, “बाई, तो लिंबूटिंबू आहे का?” लंगडीत, लपंडावात धाकट्या भावंडाला घेतात तसं. त्याला कुणी आउट करायचं नाही, त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. मी म्हटलं, नाही. लिंबूटिंबूचा डाव कुणी मोजत नाही. याचा मोजायचा आहे. दहाच्या दहा गणितं तो करणार आहे, फक्त तीन-तीन करून. आणि ज्याला उभ्याने लिहायचं असेल त्याने कपाटाशी यावं. पहिल्या दिवशी अकरा जण आले, आठवड्याने दोन उरले.

मला व्यवस्थेबद्दलही बोलायचं आहे. कायद्याने पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. ४६ मुलांत प्रत्येकाच्या बाकावर बोटं टेकवायला मी पोचू शकत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडी वेगळं नोंदलेलं नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला दहावीला जादा वेळ मिळतो. ज्याला केवळ एडीएचडी आहे त्याची भिस्त राहते वर्गात उभ्या असलेल्या माणसावर, त्याच्या मर्जीवर. एखाद्या मुलाचं वर्ष असं कुणाच्या मर्जीवर असू नये. माझ्यावरही नको.

औषधाबद्दल थोडंच लिहिते. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरांनी आणि आईवडिलांनी ठरवायचं. आजी म्हणायची दृष्ट काढा, त्यांनी तेही केलं. गोळी सुरू झाल्यावर माझ्याकडे एकच काम होतं, बघणं. दुपारचा डबा तसाच परत जातोय हे मला दिसलं, मी आईला कळवलं, तिने डॉक्टरांना. भूक मंदावणं हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. त्यांनी वेळ आणि मात्रा बदलली. हे घरून कुणाला दिसलं नसतं, रिकाम्या डब्याऐवजी उष्टा डबा एवढंच दिसलं असतं आणि त्याला पुन्हा बोलणी बसली असती.

आता जे सांगायला मला सर्वांत जड जातं ते. भिंगरीशेजारी मी वर्षाच्या सुरुवातीला वर्गातली सगळ्यांत शांत मुलगी बसवली होती. आपण सगळेच असं करतो. दंगेखोर मुलाशेजारी गरीब मुलगी, म्हणजे त्याला वळण लागेल. तिला पहारेकरी नेमताना तिचं काय होतं, हे आपण विचारत नाही.

दोन घट्ट वेण्या, कधी त्रास नाही, कधी आवाज नाही. तिच्या प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी मी डोळे मिटून लिहायचे: ‘शांत’, ‘आज्ञाधारक’. हाक मारली की दचकून “काय बाई?” म्हणायची. वर्षात तीन स्वेटर हरवले. वाचताना ओळ सुटायची. गुण बेताचे. मी मनात ठरवून टाकलं होतं, बुद्धीने बेताची असेल.

मार्चमध्ये निकालाची कागदपत्रं लावताना सहामाहीचा गठ्ठा हातात आला. त्याचा ‘आळस!’ लिहिलेला पेपर काढून ठेवावा म्हणून मी तो चाळत होते. त्याचा सापडला. त्याच्याआधी आणखी एक सापडला. पुढची बाजू जवळजवळ बरोबर, मागची पूर्ण कोरी. नाव तिचं. त्यावर मी काहीही लिहिलं नव्हतं. रागावलेही नव्हते. मला ते दिसलंच नव्हतं.

१९६८ साली या अवस्थेला मिळालेलं अधिकृत नावच अतिहालचालीवरून होतं. अवधान हा शब्द नावात पुढे आला १९८०मध्ये. जे मूल हलत नाही, नुसतं खिडकीबाहेर वाहत जातं, त्यालाही हे असू शकतं, आणि मुलींमध्ये ते असं गुपचूप राहण्याची शक्यता जास्त असते. पायांवरून ओळखायची सवय लागलेल्या आमच्या डोळ्यांना त्या सापडत नाहीत. हिला नेमकं काय आहे ते ठरवायचा अधिकार मला नाही. तिच्या वडिलांना बोलावलं तर ते म्हणाले, “पोरगी शांत आहे हे चांगलंच की, बाई.” मी त्यांना पेपर दाखवला. ते बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. जाताना म्हणाले, “हिची आई पण अशीच आहे. दूध रोज उतू जातं. मी लई बोलतो तिला.” आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

वार्षिक परीक्षेला मी त्या बाकाशी दोनदा गेले. बोटं दोन्ही टोकांना टेकवली.

जूनमध्ये दोघंही पाचवीला हायस्कुलात गेली, योगायोगाने एकाच तुकडीत. दोन्ही घरच्यांना विचारून मी त्यांच्या नव्या वर्गशिक्षकांना पत्र लिहिलं. गुणांचं, शेऱ्यांचं काही नाही. पुढच्या बाजूला त्याच्याबद्दल: एका वेळी एक सूचना द्यावी, फळ्यावरचं लिहून द्यावं, खेळाचा तास काढू नये, वर्गात नाव न घेता बाकावर बोटं टेकवली तरी कळतं, जड काही उचलायचं असेल तर त्याला सांगावं, आनंदाने करतो. कागदाची तेवढी बाजू भरली. तिच्याबद्दलचं मागे लिहिलं. मग कागद पुन्हा पुढे उलटला आणि खालच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं: कृ.मा.प.